मवाळ माणसाचे धैर्य

(नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या स्मृतिदिनी, १९ फेब्रुवारीला, पुण्यात दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



पुण्यात व्याख्यानाला उभे राहणाऱ्या प्रत्येकावर न्यायमूर्ती रानड्यांचे ऋण असते. वसंत व्याख्यानमाला १८७५ साली त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. ज्यांचे आपल्याशी पटत नाही त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत शांतपणे ऐकायचे, ही सवय या शहराला त्या व्यासपीठाने लावली. आज ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते नामदार गोखले रानड्यांचे शिष्य. बारा-तेरा वर्षे त्यांनी रानड्यांच्या हाताखाली आकडे तपासले, अर्ज लिहिले, पुन्हा लिहिले. त्या शिक्षणातून जे राजकारण घडले त्याला पुण्याने ‘मवाळ’ म्हटले आणि पुष्कळ वर्षे हा शब्द शिवीसारखा वापरला.

माझे आजचे म्हणणे सरळ आहे. दोन टोकांच्या मधे उभा असलेला माणूस तिथे दोन कारणांनी असू शकतो. एक तर त्याला दोन्हीकडच्यांची भीती वाटते, किंवा वस्तुस्थितीने त्याला तिथे आणून उभे केलेले असते. दुरून दोघे सारखेच दिसतात. किंमत मोजायची वेळ आली की फरक कळतो. गोखल्यांनी ती किंमत वारंवार मोजली, आणि म्हणून त्यांचा मवाळपणा हा धैर्याचा प्रकार होता असे मी मानतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. सार्वजनिक सभा १८७० ची. दुष्काळ असो की सारावाढ, रयतेची बाजू आकडेवारीसह सरकारपुढे मांडायचे काम तिने वर्षानुवर्षे केले. १८९५ साली सभा टिळकांच्या पक्षाकडे गेली. त्याच वर्षाअखेर पुण्यात काँग्रेस भरली आणि तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरवायची की नाही यावरून शहर पेटले. रानड्यांनी परिषद दुसरीकडे भरवली आणि काँग्रेस फुटू दिली नाही. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, त्यांनी डेक्कन सभा स्थापन केली आणि तिच्या उद्देशपत्रिकेत नेमस्तपणाचा अर्थ स्वतः सांगितला. त्याचा आशय असा: अशक्य गोष्टींच्या मागे व्यर्थ धावायचे नाही, जे काम हाताशी आहे ते न्यायबुद्धीने आणि तडजोडीच्या वृत्तीने करत रोज पुढचे एक पाऊल टाकायचे. यात ‘रोज’ आणि ‘पाऊल’ दोन्ही आहे. एका जागी थांबून राहण्याची मुभा या व्याख्येत कुठेही नाही.

ही व्याख्या लिहून वर्ष होते न होते तोच गोखल्यांची परीक्षा झाली. तो प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या दृष्टीने तो त्यांच्या आयुष्याचा कणा आहे.

१८९७ साल. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेला गेले होते. वय तीस-एकतीस. साक्ष उत्तम झाली. इकडे पुण्यात प्लेग होता. घरोघर गोरे सोल्जर शिरत होते, माणसांना उचलून इस्पितळात आणि छावण्यांत नेले जात होते, सामान रस्त्यावर येत होते. पुण्याहून स्नेह्यांची पत्रे गोखल्यांना जात होती. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला, असे त्या पत्रांत होते. गोखल्यांनी ही हकिकत विलायतेत ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केली. मुंबई सरकारने पुरावा मागितला.

तोवर २२ जून १८९७ ची रात्र उलटून गेली होती. गणेशखिंड रस्त्यावर पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. पुण्यातल्या सरदार नातू बंधूंना पकडून अटकेत ठेवले. जुलैच्या अखेरीस टिळकांना अटक झाली आणि त्याच दिवसांत गोखल्यांची बोट मुंबईला लागली. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली असती तर ती माणसे पोलिसांच्या हाती गेली असती. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. त्यांनी चौकशी केली, पुरावा देईल असा माणूस शोधला. त्या दहशतीत कोणी पुढे येईना. तेव्हा ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी जे आरोप सिद्ध करता येत नव्हते ते बिनशर्त मागे घेतले आणि माफी मागितली.

पुण्याने त्यांना भेकड ठरवले. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी खोटारडे ठरवले. काँग्रेसच्या वर्तुळातही कित्येकांनी पाठ फिरवली. प्लेगच्या अंमलबजावणीत जुलूम झाले नाहीत असे मला म्हणायचे नाही. ते झाले, आणि लोकांचा संताप अकारण नव्हता. पण गोखल्यांपुढचा प्रश्न फार नेमका होता: ही विशिष्ट गोष्ट आपण जगापुढे सत्य म्हणून मांडली, ती आपल्याला सिद्ध करता येते का? येत नाही. मग शब्द मागे घ्यायचा. ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांना मात्र उघडे पाडायचे नाही. नावे सांगितली असती तर स्वतःवरचा ठपका हलका झाला असता. शब्दाला चिकटून राहिले असते तर पुण्यात टाळ्या मिळाल्या असत्या. त्यांनी दोन्ही सोडले. पुढच्या साथीत हेच गोखले प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले. बदनाम झालेला माणूस घराचे दार लावून बसला असता तरी कोणी नाव ठेवले नसते.

मवाळ म्हणजे मऊ, असा समज करून घेणाऱ्यांनी पुढची काही वर्षे पाहावीत. १८९९ साली गोखले मुंबई कौन्सिलात निवडून गेले. १९०१ साली जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आली. जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्या-गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, असा तिचा रोख होता. सरकारची भाषा सावकाराच्या विळख्यातून सोडवण्याची होती. लोकपक्षाचे म्हणणे असे की शेतकऱ्याची पत जाईल आणि तो सरकारचे कूळ होऊन बसेल. विधेयक लोकमतासाठी थांबवा, ही साधी मागणी फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता सभागृहातून उठून गेले, आणि त्यांच्यापाठोपाठ गोखलेही. १९०५ साली बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी लॉर्ड कर्झनच्या कारभाराला औरंगजेबाची उपमा दिली आणि वंगभंगानंतर बंगाल्यांनी उपसलेले बहिष्काराचे हत्यार त्या परिस्थितीत रास्त आहे असे सांगितले. मात्र हे शेवटचे हत्यार आहे, ते सगळे एकदिलाने मागे असतील तेव्हाच उचलावे, हेही त्याच भाषणात सांगितले. कुठे थांबायचे हे ज्याला ठाऊक असते त्याच्या शब्दाला सभागृहाबाहेर जातानाही वजन असते.

हे वजन कुठून आले? अभ्यासातून. मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिलकीचा आनंद साजरा करत होते. गोखल्यांनी त्या शिलकीची फोड केली. दुष्काळ आणि प्लेग यांनी खंगलेल्या देशात तिजोरी भरते आहे, याचा अर्थ लोक सुखी आहेत असा होत नाही. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे, असा होतो. या मांडणीमागे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या शाळामास्तराचे कष्ट होते. आकडे जोशींनी घोटून दिलेले, आणि पडताळल्याशिवाय एकही आकडा बोलायचा नाही ही रानड्यांची शिस्त. तेव्हा मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. तो १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. हे सगळे एका माणसाच्या भाषणाने झाले असे कोणी म्हणणार नाही. पण गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठाचा हिशेब वर्षानुवर्षे त्या सभागृहात कोण मांडत होते, हे नोंदलेले आहे.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या अपयशाकडे येतो. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्तीच्या शिक्षणाची मागणी नवी नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे ती केली होती आणि सयाजीरावांनी बडोद्यात १८९३ पासून ती अमलात आणायला सुरुवात केली होती. गोखल्यांनी आपल्या विधेयकात काय केले ते पाहण्यासारखे आहे. सक्ती देशभर एकदम लादायची नाही. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला ती हवी, तिने सरकारची परवानगी घेऊन आपल्या हद्दीत लागू करायची. तीही तिथले ठरावीक प्रमाणातले मुलगे आधीच शाळेत जात असतील तरच. वयोमर्यादा सहा ते दहा. सुरुवात मुलग्यांपासून, मुलींना पुढे क्रमाने. महिन्याला दहा रुपयांपेक्षा कमी प्राप्ती असलेल्या पालकाकडून फी घ्यायची नाही. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा आणि उरलेला स्थानिक संस्थेने. विरोधकाने काढावी अशी एकेक शंका कलमांत आधीच धरून तिची तजवीज केलेली होती. इतके नेमस्त विधेयक सापडणे अवघड.

आणि तरीही १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. सरकारी सभासद विरुद्ध गेले, आणि आपल्यातलेही काही जमीनदार, प्रतिष्ठित विरुद्ध गेले. हरणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते, आणि त्यांनी ते सभागृहात सांगितलेही. आपल्या पिढीने देशाची सेवा अपयशांतूनच करायची आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार त्या वादातलेच. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला. संपूर्ण देशातल्या सहा ते चौदा वयाच्या मुलामुलींना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पडलेल्या विधेयकापासून ९८ वर्षांनी.

इथे तुमच्यातले कोणी विचारील, आणि विचारावेच: इतके मोजूनमापून मागूनही मिळाले नाही, तर मोजमापाचा उपयोग काय? सरळ जास्त मागायचे होते. हा आक्षेप टिळकांचा होता आणि तो खोटा नव्हता. राज्यकर्त्यांच्या न्यायबुद्धीवर मवाळांनी ठेवलेला भरवसा वंगभंगाने उघडा पाडला. मवाळ लोकांपर्यंत पोहोचले नाहीत. अर्ज इंग्रजीत, वाचणारे मूठभर. देश गावागावांत जागा केला तो टिळकांनी, ‘केसरी’ने, आणि मंडालेच्या तुरुंगातल्या त्यांच्या सहा वर्षांनी. गोखल्यांच्या हिशेबातही चुकीचे रकाने आहेत. १९१० च्या प्रेस ॲक्टला त्यांनी ठामपणे विरोध केला नाही. वर्तमानपत्रांचा गळा आवळणाऱ्या त्या कायद्यापुढे दुरुस्त्या सुचवून भागण्यासारखे नव्हते. आदर असला म्हणून हे झाकायचे कारण नाही.

त्याहून कठीण उदाहरण खुद्द रानड्यांचे आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर १८७३ साली वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण झाले, तेव्हा रानड्यांनी पुढे प्रायश्चित्तही घेतले. कारणे होती. घर दुभंगू नये, माणसे तुटू नयेत. पण सुधारक आगरकरांना हे पटले नाही, आणि आगरकर बरोबर होते. अन्याय सोसणारा आणि अन्याय करणारा यांच्यात मधली जागा शोधणे हा समतोल नव्हे. जिला केशवपन करून कोपऱ्यात बसवले आहे तिच्या आणि तिला बसवणाऱ्याच्या मधोमध उभे राहून न्याय होत नाही. ज्याला पाणवठ्यावर येऊ दिले जात नाही त्याला अर्धा पाणवठा देऊन चालत नाही. ध्येयात कसर नको. नेमस्तपणा हवा तो साधनांत, भाषेत आणि पुराव्यात. ही रेघ जिथे पुसली जाते तिथे मवाळपणाचा भेकडपणा होतो.

ही रेघ नीट सांभाळलेला माणूस गोखल्यांच्या शेजारच्याच वर्गात शिकवत होता. प्रोफेसर धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. इथे कर्व्यांनी कसलीही तडजोड केली नाही. पण १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा त्यांनी एक निर्णय घेतला: आश्रमाचे काम आणि पुनर्विवाहाची चळवळ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. आश्रमात शिक्षण मिळेल, लग्न लावून दिले जाणार नाही. सुधारकांना हे मिळमिळीत वाटले. सनातन्यांचा कर्व्यांवरचा राग तर होताच. पण आपल्या विधवा लेकीबहिणींना शिकवावे असे मनातून वाटणाऱ्या, आणि पुनर्विवाहाच्या नावाने दचकणाऱ्या घरांना दार उघडले. मुली आल्या, शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. हिंगण्याच्या माळावर ते काम वाढले आणि १९१६ साली त्यातून महिला विद्यापीठ निघाले. स्वतःच्या आयुष्यात पूर्ण पाऊल, आणि दुसऱ्याला झेपेल तेवढ्या पायऱ्या. समतोल कशाला म्हणतात, असे कोणी मला विचारले तर मी त्याला हिंगण्याला नेईन.

टोकांच्या मधे असणाऱ्याला आणखी एक काम करता येते: दुसऱ्याच्या वेगळ्या मार्गाला मदत करणे. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. हिंदी मजुरांवरचा तीन पौंडांचा कर जाईल असे आश्वासन तिथल्या मंत्र्यांकडून मिळाल्याचे त्यांनी सांगितले. पुढे सरकारने ते नाकारले आणि १९१३ साली गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. गांधीजींचे ‘हिंद स्वराज्य’ गोखल्यांना मुळीच पटलेले नव्हते. कायदेभंग हा त्यांचा मार्गही नव्हता. तरी मधुमेहाने थकलेल्या शरीराने ते देशभर फिरले आणि त्या लढ्यासाठी पैसा उभा केला. १९१४ साली तो कर रद्द झाला. माणूस सच्चा आहे, गाऱ्हाणे खरे आहे आणि साधन अहिंसक आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. आपली पद्धत एवढीच एक पद्धत, असे मानणारा माणूस मवाळ असला तरी टोकाचाच असतो.

सुरतेचा उल्लेख टाळता येणार नाही. डिसेंबर १९०७ मध्ये तिथे काँग्रेस फुटली. अध्यक्षपदावरून गोंधळ, व्यासपीठावर भिरकावलेला जोडा, मोडलेल्या खुर्च्या आणि शेवटी पोलीस. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या हेतूंवर संशय घेतला, गोखल्यांनी टिळकांच्या आणि टिळकांनी गोखल्यांच्या. जुळायला १९१६ चे लखनौ उजाडावे लागले, आणि तोवर गोखले नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ ला वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले. टिळक तेव्हा सिंहगडावर होते. ते खाली उतरले, अंत्ययात्रेला आले आणि स्मशानात बोलले. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला त्यांना त्यांनी भारताचा हिरा म्हटले आणि हा माणूस डोळ्यांपुढे ठेवून काम करा असे लोकांना सांगितले. मतभेदातला एकही मुद्दा टिळकांनी सोडला नव्हता. समोरच्याचे मोठेपण मान्य करायला आपली मते सोडावी लागत नाहीत, हे त्या दिवशी पुण्याने पाहिले.

मित्रहो, आजच्या पुण्यात वादांना तोटा नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून न्यावा का, नदीकाठचे काम कसे व्हावे, गणेशोत्सवात आवाज किती असावा. प्रत्येक वादात पहिल्या दोन दिवसांत तट पडतात आणि तिसऱ्या दिवसापासून कोणी कोणाचे ऐकत नाही. जो ‘थांबा, आधी अहवाल वाचू’ म्हणतो त्याला एका बाजूला विकासाचा शत्रू ठरवतात आणि दुसऱ्या बाजूला विकला गेलेला. या वादांत बरोबर कोण हे सांगायला मी आलो नाही. गोखल्यांची पद्धत मात्र इथे जशीच्या तशी लागू पडते. आकडा स्वतः तपासा. आपल्या बाजूचा माणूस चुकीचे बोलला तर त्याच सभेत उठून सांगा. आपण केलेला दावा सिद्ध होत नसेल तर जितक्या मोठ्याने केला तितक्याच मोठ्याने मागे घ्या. कोणी तुमच्यावर विश्वास टाकून काही सांगितले असेल तर त्याला पुढे करून स्वतःची सुटका करून घेऊ नका. आणि वाद संपण्याची वाट न पाहता दोन्ही बाजूंना मान्य असलेले एखादे काम आजच हाती घ्या.

तरुणांना माझे विशेष सांगणे आहे. तुम्हाला रोज बाजू निवडायला लावली जाईल, तीही लगेच आणि मोठ्याने. जहाल व्हायचे असेल तर खुशाल व्हा. या शहराची ती परंपराही तितकीच तेजस्वी आहे, आणि तिची किंमत लोकमान्यांनी मंडालेत मोजली आहे. मधे उभे राहायचे असेल तर तेही करा. मात्र तिथे सुरक्षित वाटते म्हणून जाऊ नका. मधली जागा सुरक्षित वाटू लागली, तिथे कोणीच आपल्यावर रागावेनासे झाले, की समजावे, आपण बहुधा कोणावरचा तरी अन्याय नजरेआड करतो आहोत. गोखल्यांच्या वाट्याला दोन्हीकडचा राग आला, आणि तो अंगावर घेऊन ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आकड्यांच्या वहीपाशी बसले. नेमस्तपणा हे स्वभावाचे देणे नसून कष्टाने अंगी बाणवायची शिस्त आहे. पुण्यात ती एकदा घडली आहे, आणि इथेच ती पुन्हा घडवता येईल, असा माझा विश्वास आहे.